माकडांचा उपास

कुकटपल्ली, हैदराबाद
मंगळवार, ९ ऑगस्ट १९९४

तीर्थस्वरूप सुशीलाआत्यास मंदारचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? बरकतपुऱ्याला फोन लागेना, म्हणून पत्र. (देश खुला झाला म्हणतात. तुमची लाइन तेवढी राहिली असावी.)

तुझा भाचा सध्या माकडांच्या सेवेत आहे. अमेरिकेतली एक कंपनी आमच्या माकडांवर नवं औषध तपासणार आहे. पण त्याआधी निरोगी माकडाचं रक्त मुळात कसं असतं, ते मोजून ठेवायचं. बारा माकडं, दर शनिवारी सकाळी, उपाशीपोटी. आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझं. (बी.एस्सी.चा फर्स्ट क्लास कुठेतरी उपयोगी पडायचाच.) आपण रक्त द्यायला गेलो की तासभर बाकड्यावर बसतो, इथे डॉक्टर स्वतः पिंजऱ्यापाशी जातात आणि वर चावून घेतात.

तर या निरोगी माकडांची साखर निघाली तुझ्या दिरांची, आबासाहेबांची, दिवाळीत असते तेवढी! एक शनिवार नाही, सलग सहा. अमेरिकेहून फॅक्स आला, हैदराबादची माकडं अशीच असतात का? आमचे डायरेक्टर लक्ष्मणराव "हौ" म्हणून कळवायच्या बेतात होते. (या शहरात उपाशी राहून दाखवावं कुणी.) तेवढ्यात पिंजऱ्यामागे केळ्याची सालं सापडली. शास्त्र संपलं, चौकशी सुरू झाली. चौकशी कुणाकडे? माझ्याकडे. पुढल्या महिन्यात मला पर्मनंट करायचंय ना, म्हणून जबाबदारीचं काम.

पहारेकरी हिम्मतरावांनी, आपण सकाळी गेटवर झोपलेलो असतो, अशी निर्दोषपणाची साक्ष दिली. साहेबांनी ती मानली. राहिली पिंजरे धुणारी सत्यवती. "नाकु तेलीदु सार," मला ठाऊक नाही, एवढंच म्हणते. उद्या माझा अहवाल गेला की ती घरी बसणार. आणि ही बाई, आत्या, चौकशी लागल्यापासून रोज दुपारी माझ्या टेबलावर एक केळं ठेवून जाते. फार राग येतो मला तिचा.

घरात सगळ्यांना नमस्कार, आबासाहेबांना पथ्याची आठवण.

तुझा,
मंदार

ता. क. तुला कामाला बाई हवी होती ना? सत्यवतीला ठेवून घे. हाताची स्वच्छ आहे, आणि पोटात गोष्ट ठेवते.

पुन्हा ता. क. मी पर्मनंट व्हावं म्हणून तूच मला अकरा शनिवार मारुतीला डझनभर केळी वाहायला सांगितलंस. देऊळ दोन बस बदलून जायचं. इथे बारा मारुती हाताशी, तेही जिवंत! एकेका केळ्यानं काय होतंय, असं वाटलं गं.

शेवटचं ता. क. (बुधवार) आजही केळं आलं. ते खाल्लं, अहवालात खरं नाव लिहिलं आणि साहेबांच्या हातात देऊन आलो. तेव्हा सत्यवतीला बोलावू नकोस, तिची नोकरी आहे. बाईऐवजी भाचा चालेल का? भांडी बरी घासतो, आणि शनिवारी उपाशी राहतो.