नाकाची उजळणी

अण्णा, आज डॉक्टरांनी मला विचारलं, "मॅडम, मग रिव्हिजनचं काय ठरवताय?" आणि माझ्या तोंडून जवळजवळ निघालं होतं, की सर, पाठ झालंय, म्हणून दाखवू का. तुमच्या हाताखाली शिकलेल्या लेकीला रिव्हिजन म्हणजे उजळणी, एवढंच ठाऊक. डॉक्टरांच्या भाषेत ती म्हणजे फसलेल्या नाकावर पुन्हा एकदा सुरी. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा हे सुरुवातीपासून सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. पन्नाशी उलटलेली, लग्नाचा विषय केव्हाच मिटलेला, सौंदर्यस्पर्धेचंही काही घाटत नव्हतं. नको म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं, इतकंच. आणि तेही नाशकात. या गावाचं नावच एका कापलेल्या नाकावरून पडलं, असं तुम्ही दर जूनमध्ये नव्या वर्गाला गंभीर चेहऱ्याने सांगायचात. परंपरा पाळली म्हणा.

आपलं नाक म्हणजे मधे उंचवटा आणि शेंडा खाली वाकलेला. आत्याचं तसं, तुमचं तसं, माझं तसं. मला बघायला आलेल्या एक बाई चहा पिता पिता म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणी आहे हो, नाक तेवढं जरा पुढे आहे." तुम्ही कपबशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पुढेच असतं ते. मागे असतं तर त्याला मान म्हटलं असतं." मंडळी उठून गेली, आई तुमच्याशी बोलेना, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तोंडावर पदर धरून हसत होते. हसले खरी. पण तुमचं उत्तर त्यांच्याबरोबर जिना उतरून गेलं आणि बाईंचं वाक्य माझ्यापाशी राहिलं. ते फार वर्षं राहिलं.

पट्टी निघाली तेव्हा एका बाजूला खळगा, शेंडा कुणी चिमटीत धरून ठेवल्यासारखा, आणि जरा जोरात श्वास घेतला की डावीकडून बारीकशी शिट्टी. तेही चाललं असतं. पण कुणाच्या लक्षातच आलं नाही, अण्णा. शाळेत गणिताच्या बाई म्हणाल्या, "नवा चष्मा का गं? शोभतोय." चष्मा जुनाच होता, फक्त आता घसरत होता. आपल्या नाकावर चष्मा कधी घसरत नाही, असं तुम्ही मला पहिला चष्मा आणून दिलात तेव्हा केवढ्या अभिमानाने म्हणाला होतात. दारावर येणारी भाजीवाली म्हणाली, "ताई, लय दिवस राह्यली तुमची सर्दी. काढा घ्या ना." जे नाक मी जन्मभर लोकांच्या नजरेपासून लपवत आले, ते कुणी पाहिलंच नव्हतं, हे कळायला ते कापून घ्यावं लागलं.

सर्दीचं म्हणाल तर नाकातला पडदा वाकलाय, हवा धड जात नाही. संस्कृतच्या वर्गात मी "नमः" म्हणते आणि ऐकू येतं "दबः". मुली वहीत तोंड खुपसून हसतात, आणि मला आपली मेथी आठवते. रविवारची सकाळ, तुम्ही जमिनीवर मांडी घालून मेथी निवडताय आणि मला अनुनासिकं शिकवताय. बोलण्यात नाकाचं काय काम, हे मला काही केल्या पटत नाहीये. तुम्ही मेथीच्या हातानेच माझं नाक चिमटीत धरता.

"म्हण, म."

"ब."

"न?"

"द."

"आता मला हाक मार."

"अड्डा."

आईचं लाटणं थांबतं. "काय म्हणाली ही?"

"अड्डा म्हणाली. घरात पत्त्यांचा अड्डा निघाला बघ."

"आधी ती मेथी संपवा. मग बसा खेळायला."

तुम्ही नाक सोडता. "कळलं का बाईसाहेब? नाक धरलं की बापाचा अड्डा होतो." मग दुपारपर्यंत माझ्या नाकाला मेथीचा वास.

तर आज गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सरळ करू, कानामागची थोडी कूर्चा काढून बाहेरूनही भरू. पहिलं ऑपरेशन यांचंच. माणूस माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान आणि मनाने सरळ आहे. "बाहेरून कसं हवंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "होतं तसं." ते हसले. "मॅडम, लोक ते काढायला येतात माझ्याकडे." मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. ऑपरेशनच्या आधी काढलेला माझा फोटो, एका बाजूने.

अण्णा, तिथे तुम्ही होतात. मेनरोडच्या स्टुडिओत तुम्ही फोटोग्राफरला बजावलं होतंत, "समोरून घे रे, बाजूने मी मावत नाही." त्यामुळे भिंतीवरच्या तुमच्या फोटोत नाक असं दिसतच नाही. बाजूने तुम्ही कसे दिसायचात, हे फक्त माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि आता ते डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, खाली 'बिफोर' अशी पाटी लावून. मी विचारलं, "हे असं परत होईल?" त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाले, "जवळपास होईल. पण हेच नाही होणार. ते माझ्या हातचं असेल."

घरी येऊन ठरवलंय. बाहेरून काही नको, खळगा राहू दे. तुमच्या जागी तुमची नक्कल बसवून रोज आरशात तिला नमस्कार करणं मला जमणार नाही. आतला पडदा तेवढा सरळ करून घेते. डॉक्टरांना फोनवर कारण सांगितलं, श्वासाचं आणि शिकवण्याचं. दोन्ही खोटं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून राहिलेलं कारण इथेच लिहिते. शाळेतून आल्यावर कुलूप काढून आत शिरताना मी अजून "अण्णा, आले," असं म्हणते. आई होती तेव्हा ती हसायची. आता घरात कुणी नसतं, उच्चार तपासायलाही कुणी नसतं. पण मला ऐकू येतं. दोन वर्षं झाली, तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी तुम्हाला अड्डा म्हणतेय.