खंडेनवमीचं लँडिंग

बाबा, तुमच्या नातीने विमान उतरवलं. खरं विमान नव्हे, कम्प्युटरमधलं. पण त्यावर तिचं जे टांगलेलं होतं ते काही खोटं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा ती पाच वर्षांची होती, तुमच्या ट्रकच्या स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळायची. आता अठरा पूर्ण झालीत. पायलट व्हायचंय म्हणते. आपल्या घरात हे म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा, पण हट्टी तुमच्यावर गेलीय. एका फ्लाइंग स्कूलने शिष्यवृत्तीसाठी चाचणी ठेवली होती: ज्याने त्याने आपल्या घरच्या कम्प्युटरवर विमान चालवायचं, तीनदा उतरवायचं, आणि परीक्षकांनी दूर कुठेतरी बसून ते पडद्यावर बघायचं. शिष्यवृत्ती नसेल तर हे शिक्षण आमच्या आवाक्यातलं नाही. तिच्यासाठी ही एकच वाट होती.

कम्प्युटर मी जोडलेला. डिचोलीतलं माझं दुरुस्तीचं दुकान अजून चालू आहे. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले भाग वर्षभर जमवून मी तो उभा केला. उन्हाळ्यात तिने नवं ग्राफिक्स कार्ड मागितलं होतं. विमानाच्या खेळात यंत्राचा खरा कस लागतो. खाली हजारो झाडं, घरं, नदीचं पाणी, वर ढग, आणि हे सगळं सेकंदाला निदान तीस वेळा नव्याने रंगवायचं. त्याहून कमी झालं की चित्र अडखळतं आणि हाताने दिलेला इशारा विमानाला उशिरा कळतो. मी म्हटलं, "काही गरज नाही, एवढ्यावर झेपेल." मला माझ्या हातांचा गर्व, दुसरं काय. आदल्या दिवशी आम्ही सगळं तपासलं तेव्हा हा सेकंदाचा आकडा पस्तिसाच्या खाली गेला नव्हता, आणि मी दिवसभर घरात मिरवत होते.

चाचणीचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. आई आता आमच्याकडेच, पेडण्याला असते, आणि तिच्या हिशेबी कम्प्युटर हे या घराचं अवजार. "पूजलेल्या अवजाराक आज हात लावूचो नसता," ती म्हणाली. "उद्या सोनां लुटल्यार काय ता करा." नात म्हणाली, "आजी, परीक्षक काय सोनं लुटायला थांबणार आहेत?" सकाळी सकाळी दोघींची जुंपली. शेवटी तह झाला: कम्प्युटर चालवायचा, पण आई मांडेल ती पूजा उद्यापर्यंत जशीच्या तशी राहू द्यायची. मी शब्द दिला आणि दुकानातल्या माझ्या पान्या-पक्कडींची पूजा करायला डिचोलीला निघून गेले. परत आले तेव्हा चाचणीला दहा मिनिटं उरली होती. टेबलाखालून उदबत्तीचा वास येत होता, रोजांची, म्हणजे झेंडूची, पिवळी फुलं दिसत होती. मी काही वाकून बघितलं नाही.

विमान समुद्रावरून येतं. तेरेखोलचा किल्ला मागे पडतो, नदी चमकते, मग पठार. तिचे खांदे ताठ झालेत. कोपऱ्यातला आकडा एकतीस आहे, सव्वीस आहे, आणि पठारावरची झाडं समोर येताच एकोणीस. धावपट्टी सरळ येतच नाही, तुकड्यातुकड्यांनी पुढे उडी मारते. ती दांडी ओढते, काही होत नाही. अजून ओढते, आणि दोन्ही वेळचं ओढणं एकदम लागू होतं. विमान आपटतं, उडतं, पुन्हा आपटतं. स्पीकरमधून परीक्षक बाई अगदी शांतपणे म्हणतात, "तुमचं चित्र अडखळतंय. पण वेळ वाढवून देता येणार नाही. दुसरं सुरू करा."

मी तिच्या बाजूने हात घालून सावल्या बंद केल्या, ढग पातळ केले, पाण्यातली प्रतिबिंबं काढून टाकली. आकडा दोनाने चढला आणि परत खाली बसला. मी झाडं काढायला लागले तशी ती ओरडली, "आई, झाडं नको काढू! झाडं गेली की मला उंची कळत नाही." तरी मी काढली. सगळं पठार पापडासारखं सपाट झालं. जमीन किती खाली आहे हे तिला खरंच कळेना; धावपट्टी अर्धी संपल्यावर कशीबशी टेकली. मग माईक बंद करून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच म्हणालेलीस झेपेल." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता एकच उरलं होतं. मी मनात यंत्राला दोष देत होते, जुनं कार्ड, कमी मेमरी, कमी हे आणि कमी ते. पण काल जे झेपलं ते आज का झेपू नये, एवढा साधा प्रश्न पडायला मला दोन लँडिंगं जावी लागली. तुम्ही तापमानाच्या काट्याकडे बघायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवायचात, तसा मी कॅबिनेटला लावला आणि चटका बसून मागे घेतला. खाली बसले. आईने त्याला देवीसारखं सजवलं होतं. पुढच्या जाळीवर रोजांची जाड, दुहेरी माळ. आणि वर, जिथून आतला गरम वारा बाहेर पडतो नेमका तिथे, नवा कोरा खण, त्यावर नारळ. कार्ड आत भाजत होतं, आणि जळून जाऊ नये म्हणून आपणच आपला वेग कमी करत होतं.

आपल्या सर्वणच्या घराच्या अंगणात तुमचा खनिजाचा ट्रक धुऊनपुसून उभा आहे, मी आठ वर्षांची आहे, आणि दसऱ्याची सगळी माळ मी हौसेने पुढच्या जाळीवर बांधलीय. तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर खेकसलात: "गाडयेच्या तोंडार फुलां बांधलंस? तिणा श्वास खंयसून घेवचो?" मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत, माळ सोडून आरशांना बांधलीत आणि गाडी सुरू केलीत. एवढी बोलणी खाल्लेल्या मुलीला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

पण माझा हात खणापाशी अडकला. शब्द दिला होता आणि आई दारातच उभी होती. "आई, ह्याला श्वास घेता येत नाही गं," एवढंच मी म्हटलं. ती गुडघे धरत खाली बसली. हात जोडले, नारळ कपाळाला लावून माझ्याकडे दिला, खण उचलला, माळ सोडली. "तुझो बापूस पण असोच काढी," ती म्हणाली. "आधी पाया पडी, मगे काढी." आणि पदराने कॅबिनेटला वारा घालत बसली. वर परीक्षक बाई विचारत होत्या, तयार आहात का. आकडा एकवीस, पंचवीस, तीस. मी झाडं परत लावली. तिसऱ्या वेळी मी पडद्याकडे बघूच शकले नाही, आईच्या हलत्या पदराकडे बघत राहिले. चाकं टेकल्याचा आवाज एकदाच आला, हलका, आणि नात मोठ्याने श्वास सोडून मागे रेलली.

निकाल काल आला. यादीत तिचं नाव आहे, खालून दुसरं, पण आहे. पुढच्या मुलाखतीला बोलावलंय. हे कळवायला म्हणून मी कागद घेतला असं मी स्वतःलाच सांगत होते. पण मला छळतंय ते दुसरंच.

चाचणी संपल्यावर ती उठली आणि म्हणाली, "आजी, तू बस." आई घाबरली. "मी? माझ्या हातसून मोडात मगो ता!" "मोडलं तर मोडलं, परत उडवू." आईने हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी दांडी धरली, किल्ल्यावरून विमान नेलं, सरळ नदीत पाडलं, आणि दोघी हसत सुटल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

खाण बंद पडली त्या वर्षी तुमचा ट्रक अंगणात उभा होता. माझा नवरा बोटीवर, मी आणि पोर तुमच्याकडेच सर्वणला. दुरुस्त केलेला प्रत्येक कम्प्युटर मी विमानाचा खेळ लावून तपासायची, आणि तुम्ही रोज माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बघत उभे राहायचात. तीस वर्षं चाक हातात धरलेला माणूस. एका दुपारी तुम्ही विचारलंत, "माका जरा बसाक देशीत? लगेच उठतंय." माझं काम झालेलं होतं, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. पण तुम्हाला एकेक कळ दाखवत बसायचा मला कंटाळा आला. मी म्हटलं, "आता नको बाबा. कम्प्युटर गरम झालाय." तुम्ही खुर्चीवरचा हातसुद्धा लगेच काढून घेतलात. "मगे नको, नको. थंड होवंदे तेका." पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि पुढचा दसरा तुम्ही बघितला नाहीत.

हा कागद मी टपालात टाकणार नाही, लिहायला पत्ताच नाही. पण एकदा लिहून ठेवते. तो गरम झाला नव्हता, बाबा.