न काढलेली टिप

सिडको, नाशिक
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय छायू,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी सुरू झाल्यापासून आईचा गुडघा पुन्हा धरतोय, पण सकाळी गच्चीवर दहा फेऱ्या मारल्याशिवाय ती चहाला हात लावत नाही. सुवर्णाचं शाळेत शिकवणं सुट्टीनंतर पुन्हा सुरू झालं. मला या आठवड्यात पहिली पाळी आहे. पहाटे ओझरची बस, दुपारी चारला घरी. तू म्हणशील, हे फोनवर सांगता आलं असतं, दादा पत्र कशाला लिहितोय? फोनवर मी सुरुवात केली की तू हसतेस, आणि तू हसलीस की मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवतो. म्हणून लिहितोय.

तुझा पूलचा क्यू आशाताईंनी परवा आणून दिला. "टिप बदलून गुरुवारी माझ्याकडेच द्या, मी पोचवते," म्हणाल्या. मग जाता जाता दारात थांबून हळूच म्हणाल्या, "भाऊ, सहा वर्षांनी पुन्हा खेळायला तयार झालीय हो ती. बुकिंग ऑफिसातल्या आम्ही सगळ्याजणी रविवारी नाशकात येणार आहोत तिचा सामना बघायला." मी हो हो म्हणत राहिलो. पिशवीची चेन उघडायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

सोबत तुझी चिठ्ठी होती. "मऊ बसव, नेहमीसारखी." एवढंच. नेहमीसारखी.

आज कामावरून आल्यापासून क्यू टेबलावर ठेवून बसलोय. ब्लेड तीनदा टिपेला लावलं आणि तीनदा खाली ठेवलं. मधे उठून भाजी आणली. ती आधीच घरात होती. सुवर्णा म्हणाली, "तुम्हाला झालंय काय?" काही नाही म्हणालो आणि पुन्हा येऊन बसलो.

टिपेचं काय असतं ते तुला मीच शिकवलं. क्यूच्या टोकाला नखाएवढं चामडं, पण सगळा खेळ त्याच्या जिवावर. मऊ असेल तर चॉक धरतं, आणि पांढऱ्या बॉलला किंचित जास्त वेळ चिकटून राहतं, म्हणून कडेला मारून फिरकी देता येते. तुझा खेळ तोच. मऊ टिप लवकर पसरते, महिन्याभरात तिचा आकार जातो, पण तो आकार द्यायला मी होतोच. कडक टिप बॉल पटकन सोडते. ठोका खणखणीत लागतो, आकार टिकतो, सरळ मारणाऱ्याला बरी. बॉलच्या कडेला मारायला जावं आणि चॉक कमी पडावा, तर मात्र बॉलवरून सटकते.

छायू, तुझ्या क्यूवर आत्ता जी टिप आहे ती मऊ नाही. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या निवड स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी मी बसवली तीच आहे ही. तू मऊ सांगितली होतीस. मी कडक बसवली, आणि तुला सांगितलं नाही.

गाडीत बसण्याआधी तू हॉलवर चार बॉल मारून पाहिलेस. म्हणालीस, "दादा, आवाज वेगळा येतोय रे." मी म्हणालो, "नवी आहे. एक-दोन डाव खेळलीस की बसेल." तू लगेच विश्वास ठेवलास.

मला वाटलं होतं, तू फिरकीवर फार विसंबतेस, मोठ्या टेबलावर सरळ मारायची सवय लागलेली बरी. कडक टिपेने हात शिस्तीत राहील. तुझ्या भल्याचं वाटलं होतं. सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.

शेवटच्या डावात जिंकायचा नऊ नंबर बॉल भोकाच्या तोंडावर होता. तू कडेला मारलंस आणि क्यू सटकला. पांढरा बॉल दोन बोटं हलला. सामना गेला, पुढचं तुला मी सांगायला नको. तू आपल्या हाताकडे बघत राहिलीस. परतीच्या वाटेवर म्हणालीस, "ऐनवेळी हात थरथर कापला माझा." मी खिडकीबाहेर पाहत होतो.

टिप मी बदललेली नाही. क्यू जसा आला तसा परत पाठवतोय. सोबत नव्या मऊ टिपा दोन ठेवल्यात, तुझ्या नेहमीच्या. पंचवटीत बहिरू म्हणून एक जण क्यूची कामं करतो, हात चांगला आहे त्याचा. त्याच्याकडून बसवून घे. माझ्याकडून नको.

तुझा,
दादा

•

इगतपुरी
मंगळवार, ११ नोव्हेंबर

दादा,

पत्र गुरुवारी मिळालं. वाचलं आणि खिडकीवर जाऊन बसले. दोन तास तिकिटं दिली. एकाला मनमाडऐवजी मुंबईचं दिलं.

शुक्रवारी रजा टाकून बहिरूकडे गेले. घरी आले नाही, आईला सांगू नकोस. त्याने क्यू हातात घेतला, चॉक पुसला, टिप उजेडाकडे धरली. म्हणाला, "ताई, ही घोटली कोणी?"

मी म्हणाले, "कडक आहे ना ती?"

"कडक हायेच. कडक टिपा मी लय बसवल्या. पण वरून जरा खरखरीत ठेवावीच लागती, नायतर चॉक धरंल कशाला? ही तर काचेवानी केलीय. मधोमध मारलं तर चालून जाईल. कडेला मारलं की सटकणारच. तुमचा हात असू द्या का अजून कोणाचा."

मी त्याला ती काढू दिली नाही. फक्त वरून घासून खरखरीत करून घेतली. त्याच्याच टेबलावर तासभर खेळले. मुद्दाम कडेला मारत होते. आवाज अजून वेगळाच येतो, पण एकदाही सटकली नाही.

रविवारी त्याच टिपेने खेळले. तीन सामने जिंकले. उपांत्य फेरीत हरले. सहा नंबर सोपा होता, मी घाई केली. हात कापला नाही, टिप सटकली नाही, मी चुकले. बाहेर आल्यावर आशाताई माझी समजूत काढायला लागल्या आणि मला हसू आवरेना. सहा वर्षांत पहिल्यांदा मी एखादा सामना माझ्या स्वतःच्या चुकीने हरले होते. त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय.

तू आला नव्हतास. बरं केलंस.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. सहा वर्षं मी उजव्या हातात कोणाचं लहान मूल घेतलेलं नाही. अप्पा गेले तेव्हा लोक भेटायला आले, तर मी चहाचा ट्रे सुवर्णावहिनीकडे दिला आणि आत जाऊन बसले. नसांच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, काही नाही, आणि मी तीनदा डॉक्टर बदलला. मागच्या वर्षी आशाताईंच्या नातीच्या बारशाला गेले, तर बाळ कोणी माझ्याकडे देईल म्हणून लांब उभी राहिले.

कडक टिपेने मी खेळू शकते, दादा. म्हणजे तुझ्या पत्रात सगळं आलेलं नाही. ती घोटली कशाला? तेही माझ्या भल्यासाठीच का?

मला पूर्ण लिही. नाहीतर लिहू नकोस.

छाया

•

सिडको, नाशिक
गुरुवार, १३ नोव्हेंबर

छाया,

ती मी घोटली. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने आधी, मग मेण लावून फडक्याने. अर्धा तास लागला. वर चॉकचा थर दिला, म्हणजे चमक दिसू नये. कारखान्यात मला दिवसभर हेच काम असतं, धातूचा कुठला भाग गुळगुळीत हवा आणि कुठला नको ते बोटांना कळतं. मी काय करतोय ते मला नीट माहीत होतं. तुझ्या भल्याचं वगैरे मी नंतर जुळवलं. इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, तेच तुलाही लिहिलं.

कारण विचारलंस. लिहितो.

मी अकरा वर्षं खेळलो. जिल्ह्यात दोनदा पहिला आलो. अप्पा एकदाही हॉलची पायरी चढले नाहीत. टवाळांचा अड्डा म्हणायचे. तुला मीच तिथे नेलं, मीच शिकवलं, आणि तीन वर्षांत तू मला सगळ्यांसमोर हरवलंस. तेही मी गिळलं असतं. पण पुण्याला जायचं ठरलं आणि अप्पांनी स्वतः स्टेशनवर जाऊन तिघांची तिकिटं काढून आणली. त्या दुपारी मी टिप बसवत होतो आणि ते समोर बसून आपल्या पांढऱ्या शर्टाला बटण लावत होते. तुझ्या सामन्यासाठी. म्हणाले, "धम्मा, नीट बसव हां. पोरगी आपलं नाव काढणार."

मी "हो अप्पा" म्हणालो, मऊ टिप खिशात टाकली आणि क्यू घेऊन गच्चीवर गेलो.

तू हरावंस एवढंच हवं होतं. एकदा. अप्पांच्या समोर. त्यानंतर तू आयुष्यभर आपल्या हाताला घाबरशील असं मनात आलं नव्हतं. पण ते नंतर डोळ्यांसमोर दिसत होतं आणि तरीही मी गप्प बसलो, त्याला काय म्हणायचं? तुला दुसऱ्या डॉक्टरकडे रिक्षाने मीच घेऊन गेलो होतो. बाहेर बाकावर बसलो होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. तो पहिला दिवस गेला की दुसऱ्या दिवशी जास्त जड जातं, आणि मग वर्षं जातात. अप्पा गेले तेव्हा वाटलं, आता सांगून कोणाला उपयोग? हेही खोटंच. तू होतीस ना.

टिप काढून फेकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ब्लेड लावलं होतं ते त्यासाठीच. काढली नाही. बहिरूचं नावही मीच दिलं. त्याला कळणार हे मला ठाऊक होतं. तू मला पकडावंस असं कुठेतरी वाटत असावं. स्वतः सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. याच्यात माझा चांगुलपणा शोधू नकोस, मी शोधून पाहिला.

तुझा हात पहिल्यापासून चांगला होता. त्या दिवशीही.

काल आईला सगळं सांगितलं. सुवर्णालाही. आई मेथी निवडत होती. मी बोलत होतो आणि ती निवडत राहिली, जुडी संपेपर्यंत. मग म्हणाली, "तुझे अप्पा शेवटपर्यंत म्हणत होते रे, तिच्या हाताचं काहीतरी करा." मी उठायला लागलो तर म्हणाली, "मला तिच्याकडे ने. तिच्या घरात मात्र तू पाऊल ठेवायचं नाहीस. ती बोलावेल तरच." आज सकाळी ती गच्चीवर गेली नाही.

सुवर्णाने जेवायला वाढलं आणि वह्या घेऊन आत गेली. हॉलवर मी अजून सांगितलेलं नाही. तुझं नाव तिथे निघेल म्हणून तुला विचारून सांगेन. तिथले जुने लोक आजही म्हणतात, छायाचा हात ऐनवेळी कापला. ते थांबलं पाहिजे, पण कसं ते तुझ्या हातात.

रविवारी सकाळच्या गाडीने आईला घेऊन येतोय. आशाताई स्टेशनवर येऊन तिला तुझ्या क्वार्टरवर नेतील, तसं त्यांच्याशी बोललोय. का ते त्यांना सांगितलेलं नाही. मी फलाटावर बसेन. परतीची गाडी सव्वाचारला आहे. त्याआधी तू आलीस तर जे इथे लिहिलं ते तुझ्या समोर उभा राहून बोलेन, तू थांबवेपर्यंत. नाही आलीस तर आईचा हात धरून गाडीत चढेन, आणि तू काय म्हणालीस हे तिलाही विचारणार नाही.

धम्मपाल