सुरीफेक्यासमोर उभी राहिले, त्याची हकिकत

लायपझिग, मार्च १९२९

तीर्थस्वरूप लोरेन्झकाकांना तुमच्या इर्मगार्डचा थरथरता नमस्कार. (अक्षर वाकडं का, ते पुढे येईलच.) काकूंचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? मी धडधाकट आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी.

मासिकाने मला सर्कशीचे फोटो काढायला धाडलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काल तालमीच्या वेळी फिल्म बदलायला म्हणून रिंगणाच्या कठड्यावर टेकले, रिंगणाकडे पाठ करून. (फिल्म बदलताना उजेडाकडे पाठ हवी म्हणून, पुतणीला अक्कल नाही म्हणून नव्हे.) झालं. सर्कशीत रिंगणाकडे पाठ करून बसणं म्हणजे कुणाचं तरी मरण ओढवून आणणं. विदूषकांनीसुद्धा तोंडं पाडली. सुरीफेक्या ओटमारची बायको वालेस्का रोज त्याच्या सुऱ्यांपुढे फळीला टेकून उभी राहते, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जिनं अपशकुन केला, तिनंच तीन खेळ उभं राहायचं. मला दोन लेकरं आहेत." मालक म्हणाले, "नाहीतर फिल्म इथं ठेवा, बाई, आणि चालू लागा." चार आठवड्यांची मेहनत हो काका. संध्याकाळी वालेस्काचा पांढरा झगा चढवून राहिले उभी.

एक हात पसरलेला, दुसरा गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या बटणावर. म्हटलं, मरायचंच आहे तर मारणाऱ्याचा फोटो तरी निघू दे. बारा सुऱ्या. पाचवी कानाला वारा घालून गेली, तेव्हा इतकी भ्याले की स्वतःचं नाव आठवेना. आज सकाळी फोटो धुतले. प्रत्येक फोटोत ओटमार डोळे बारीक करून बघतोय, सुईत दोरा ओवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. गाठून विचारलं, तर लाजून म्हणाला, "पांढरं पांढरं काहीतरी दिसतं, बाई. ते सोडून आजूबाजूला फेकतो." ते पांढरं म्हणजे मी.

तुमची,
इर्मगार्ड

ता.क. पत्राचं खरं कारण हे की, तुमच्या दुकानातला लांबचं दिसायचा चष्मा, जाडात जाड, आजच्या आज रवाना करा. नंबर माहीत नाही. सुरी कानापासून दोन बोटं, त्यावरून काय तो काढा. उद्या दुसरा खेळ आहे.

दुसरा ता.क. चष्मा पाठवू नका. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात तालमीला बोलावणं आलं. ओटमारने तिकीटवाल्याचा चष्मा लावून पाहिला. सुरी उचलली, फळीला टेकून उभ्या माझ्याकडे नीट बघितलं आणि मटकन खाली बसला. "तुमच्या एवढ्या जवळून फेकतो मी?" म्हणाला. चष्मा काढून घेतला, पण दिसलं ते दिसलं. हात अजून कापतोय त्याचा, आणि खेळ उद्या चार वाजता आहे.