परातीभोवतीचं पीठ

४ जून, लातूर
ताट हातातून निसटून ताटाळ्यावर आपटलं. खणखण! भूकंपानंतरच्या महिन्यांतला आवाज. धक्का आला की आधी ताटाळं बोलायचं, मग कुत्री. अंगणात पत्र्याखाली झोपायचो. लेक मंदा रडू नये म्हणून मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. बायको, सुमन, परात पाण्यानं काठोकाठ भरून भोवती कोरडं पीठ भुरभुरायची. ज्या बाजूचं पीठ भिजलं, ती धक्क्याची दिशा. वेळ ती कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची.
आज ती नांदेडला, मंदाकडे. घर गप्प.

५ जून
बालाजी आला. माझा जुना विद्यार्थी, आता तीन मजली कोचिंग क्लास. नव्या प्रयोगशाळेला माझं नाव देणार. रविवारी सत्कार.
"सर, ते परातीचं यंत्र पोरांसमोर करून दाखवा. तुम्हाला सुचलं तरी कसं?"
मी हसलो. नुसता हसलो.

६ जून
या यंत्रावर छापून आलेला माझा जुना लेख काढला. 'लेखकाने घरगुती साधनांतून तयार केलेले उपकरण.' शेवटी 'कुटुंबीयांचे आभार'. बास. सुमनचं नाव कुठंच नाही. आणि पिठाला मी काय लिहिलंय? 'शोषक चूर्ण'!
तेव्हा तिनं विचारलं होतं, "हे काय हो?"
"पीठच ते."
हसली होती. मला ते कौतुक वाटलं.

७ जून
नांदेडला फोन. सत्काराचं सांगितलं, प्रयोगशाळेचं नाही, यंत्राचंही नाही.
"नवा सदरा घाला. माझे गुडघे लई दुखून राहिलेत. येत न्हाई मी."
सुटल्यासारखं वाटलं. या वयात, असं वाटावं...

८ जून, रविवार
दुपारी कार्यक्रम. बालाजीला चिठ्ठी: यंत्र सुमनचं, नोंदी सुमनच्या, नाव तिचंच... तीन कागद फाडले. चौथा टेबलावर.
मग परात घेतली. टेबल हलवून पाहिलं. गव्हाचं पीठ, नुसते गोळे. पाणी चहूकडे. पीठ कुठलं, किती, कसं पेरायचं? इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी फक्त कॅलेंडरवरून उतरवून घेत होतो. आणि वर कविता.
कडी वाजली. क्लासची गाडी एवढ्या लवकर?
सुमन! मंदाच्या खांद्याला धरून, हातात पिशवी. पहिल्या एसटीनं आलेली.
"बालाजीचा फोन आला होता मंदाला. म्हणलं, यांना जमायचं न्हाई. ज्वारीचं लागतं अहो, तेही वस्त्रगाळ." परातीकडं बघून, "हे काय करून ठेवलं? सरका."
ती पीठ गाळून राहिलीय. चिठ्ठी टेबलावर उघडीच आहे, तिच्या हाताजवळ.