फितीपुढची पाने

मिरजगाव,
ता. २३ मे १९४४

मित्रवर्य फक्रुद्दीनभाई यांस,

गहिनीनाथचा सलाम. तुमचे कार्ड पोचले. आम्ही दोघे सासुरवाडीस सुखरूप आहोत असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. रंगुबाई आता थोडे जेवते. तिच्या आईने कुरडया घातल्या आहेत. लेक जाऊन महिना झाला नाही आणि कुरडया कसल्या, असे शेजारणी बोलल्या. पण गहू आधीच भिजत घातलेले होते, आणि रंगुबाईच्या हाताला काम मिळाले. येथे ऊन आपल्या श्रीगोंद्यापेक्षा कडक आहे.

सुट्टीतले मुलांचे वाचन तुम्ही बंद पडू दिले नाही हे चांगले केले. एकाने पुस्तक घरी न्यायचे, पुढचा भाग तयार करून यायचे आणि सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर सर्वांना वाचून दाखवायचा, ही तुमची पाळीची पद्धत आमच्या केशरला फार आवडे. पाळी कोणाचीही असो, घरी आली की ती चुलीपुढे बसून त्या दिवसाचा भाग आईला सांगे. रंगुबाईला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

हरवलेल्या उंटाच्या गोष्टीचा शेवट मुलांनी आपापल्या मनाने केला, ते वाचले. छगन म्हणाला, "उंट आपल्या बाजारात घावला. गूळ दावला, आला मागं." त्यावर तुमची पुतणी गौहर म्हणाली, "ती तुझी म्हैस आहे रे, उंट नाही." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. मग कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेले वाचले.

तुमची मलिका वाचनाला येत नाही. केशरला ताप आहे, पडल्या पडल्या वाचील, म्हणून तिने आपल्या पाळीचे पुस्तक तिला दिले. पाळी मोडली म्हणून तुम्ही तिला सर्वांदेखत बोललात. लढाईमुळे कागद नाही, दुसरी प्रत मिळणार नाही असे पुण्याहून उत्तर आले आहे. पुस्तक आपल्यामुळे जळाले असे म्हणून पोर घरात बसून असते.

याविषयी लिहायचे म्हणूनच कागद घेतला, आणि कुरडयांचे लिहीत बसलो.

फक्रुद्दीनभाई, पुस्तक जळालेले नाही.

डॉक्टरांनी विषमज्वराचे अंथरूण जाळायला सांगितले होते. ते मी ओढ्याकाठी नेऊन जाळले. पुस्तक फडताळात होते. तुम्ही भेटायला आलात, माझ्याजवळ बसलात. पुस्तकाचा शब्द तुम्ही काढला नव्हता. मीच म्हणालो, "तुमचे पुस्तकही अंथरुणात गेले." तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या हो, पुस्तकाचं काय एवढं!" आणि माझा हात धरलात. तो हात मी काढून घेतला नाही, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

आठवण म्हणून ठेवले असे लिहिले तर तुम्ही लगेच माफ कराल. तसे नाही. केशरने आपल्या वेणीची हिरवी फीत पानात घातली होती. पुढे थोडीच पाने राहिली होती. तुम्ही बसला होतात तेव्हा मलिका अंगणात उभी होती, धडधाकट. माझ्या मनात आले की ही उद्या ओट्यावर बसून शेवट वाचील, सगळी पोरे टाळ्या वाजवतील, आणि माझ्या मुलीला तो कधीच कळणार नाही. मग कोणालाच कळू नये. जिने आपली पाळी माझ्या लेकीला दिली तिच्याविषयी मी असे मनात आणले. ती मला काका म्हणते.

तुमचे कार्ड आल्यावरही मी सरळ वागलो नाही. पुस्तक येथे माझ्या पिशवीत होते. ते उन्हात तापवावे आणि 'कपड्यांत सापडले' असे लिहून मोटारीबरोबर पाठवावे, असे ठरवले. तापाच्या घरातले म्हणून वर धाब्यावर, कुरडयांशेजारी, ऊन द्यायला ठेवले. रंगुबाई कुरडया उलटायला वर गेली, आणि फीत तिने ओळखली.

खाली येऊन म्हणाली, "ही केशरची हाय. जाळलं म्हनून सांगितलंत न्हवं?"

मी पुस्तकासाठी हात पुढे केला. तिने दिले नाही.

"निघताना हाजराबी मला म्हनल्या, मलिका लई रडती. मी त्यान्ला म्हनलं, तुमच्या पोरीनं पाळी मोडली नसती तर पुस्तक जळालं नसतं. माझ्या तोंडून ग्येलं ते. तुमच्यामुळं."

एवढे तिने मला लग्नानंतर कधी सुनावले नव्हते. मी सर्व सांगितले. मलिकाविषयी मनात आले तेही. ती बराच वेळ पदराने पुस्तकावरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "माझी बी गोष्ट अर्धीच ऱ्हायली की. उंट घावला का न्हाई, मला कोन सांगनार? वाचा."

मी फीत होती ते पान उघडले. माझ्याने वाचवेना. तिने पुस्तक मिटून घेतले आणि म्हणाली, "मग चला श्रीगोंद्याला. पोरं वाचत्याल, मी ऐकते."

म्हणून पुस्तक मोटारीबरोबर पाठवत नाही. गुरुवारी आम्ही दोघे घेऊन येतो. येथील डॉक्टरांना विचारले आहे, इतके ऊन दिल्यावर भय नाही म्हणाले. तोवर मलिकाला काही सांगू नका. तुम्ही तिला सर्वांदेखत बोललात, तेव्हा तिची काही चूक नव्हती आणि पुस्तक जळाले नव्हते, हे मीही सर्वांदेखतच सांगितले पाहिजे. मुले काय म्हणतील ते म्हणोत. छगन तर काहीतरी म्हणेलच. रंगुबाई हाजराभाभींशी स्वतः बोलणार आहे.

त्यानंतर माझे नाव वाचनालयाच्या मंडळातून काढावयाचे असेल तर काढा.

एकच मागतो. फितीपुढची पाने मलिकाने वाचावीत. तिचीच पाळी राहिली आहे. रंगुबाई वाचनालयाची पायरी पहिल्यांदाच चढते आहे, तिला ओट्यावर मुलांत बसायला जागा द्या. मी खाली, चपला असतात तेथे बसेन. तेथपर्यंत मलिकाचा आवाज येतो.

तुमचा, अजून तसे लिहू दिलेत तर,
गहिनीनाथ