डॉक्टरीणबाईचा शेवटचा फोन

दीपमाला,

बिडी सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाईचा दुपारी व्हिडिओ कॉल येईन. मोबाइल तुह्यासाठी टेबलावर ठेवला, मी वावरात जाऊन राह्यलो. त्यायले सांग, बाबाची बिडी सुटली ते सुटलीच. आजचा त्यायचा शेवटचा फोन हाये, आता गरज नाही म्हणत होत्या. ते समोर बसून आयकणं मले जमणार नाही. तुही सासू गेल्यापासून "गुलाबराव, झोप लागली का? जेवलात का?" असं त्याच इचारत होत्या. तुम्ही दोघं नवरा-बायको कामात असता, माहा राग नाही. वांग्याची भाजी झाकून ठेवली हाये. संध्याकाळी अश्वजित कामावरून येईस्तोवर फुरसत असन, तर माह्यासंगं ओसरीवर जराशी बसशीन काय? बोललंच पाहिजे असं नाही.

बाबा